चेरीतालचे पाणी आणि उतारवयाचे घर

जबलपूर शहराचा नकाशा उलगडला की त्यावरील वस्त्यांची नावे एखाद्या जुन्या दप्तरासारखी बोलू लागतात. राणीताल, आधारताल, हनुमानताल, भंवरताल, मढाताल, चेरीताल. लोकपरंपरेत या शहराची ओळख 'बावन्न तलावांची नगरी' अशी आहे. गढा-मंडल्याची राणी दुर्गावती हिने बांधविला तो राणीताल, तिचा मंत्री आधारसिंह याने बांधविला तो आधारताल आणि राणीच्या सेविकेच्या नावाने ओळखला गेला तो चेरीताल, ही कथा येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. 'चेरी' म्हणजे दासी. मोगल फौजेशी लढताना राणीने २४ जून १५६४ रोजी रणांगणावर देह ठेवला. तिच्या नावाने पुढे संग्रहालय उभे राहिले, विद्यापीठ उभे राहिले. सेविकेचे स्मारक मात्र एका तलावाच्या नावातच उरले.

आज त्या नावाच्या वस्तीत पाणी दिसत नाही, घरे दिसतात. हनुमानतालात अजून पाणी आहे, भंवरतालचे उद्यान झाले, राणीतालच्या परिसरात क्रीडासंकुल आले आणि चेरीतालात नागरी वस्ती वसली. एकाच काळात, एकाच हेतूने निर्माण झालेल्या जलाशयांना पुढे अशी निरनिराळी प्राक्तने लाभली. नगररचनेच्या भाषेत या घटनेला एक कोरडे नाव आहे : 'भूमी-उपयोग बदल'. शब्द कार्यालयीन वाटतो. परंतु आयुष्यभराची पुंजी घर नावाच्या एकाच वस्तूत गुंतविणाऱ्या माणसासाठी त्याइतका महत्त्वाचा शब्द दुसरा नाही. आणि ते घर सेवानिवृत्तीनंतरचे, म्हणजे बहुधा शेवटचे घर असेल तर त्याचे महत्त्व अधिकच वाढते.

निवृत्तांचे शहर

जबलपूर हे नोकरदारांचे शहर आहे, म्हणूनच ते निवृत्तांचेही शहर आहे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा आयुध कारखाना उभा राहिला आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना आला. १९५६ मध्ये नव्या मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय, १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ, २००३ मध्ये पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आणि या सर्वांच्या जोडीला वीज मंडळाची कार्यालये, अशी या शहराची जडणघडण झाली. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्याचा भाग होता. न्यायालये, शाळा, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथे स्थिरावली आणि नर्मदेच्या पाण्याशी एकरूप झाली.

आता त्या कुटुंबांतील पुढची पिढी पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे किंवा परदेशात आहे. दुमजली घरात दोन वृद्ध माणसे, वरचा मजला कायम बंद, संध्याकाळी फाटकाला कुलूप आणि रात्री छातीत दुखले तर शेजाऱ्यांवर भिस्त, हे चित्र जबलपूरचे आहे तसेच नागपूरचे, सांगलीचे आणि बेळगावचेही आहे. २००१ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे ७.७ कोटी होती. २०११ मध्ये ती सुमारे १०.४ कोटी झाली. ज्येष्ठांसाठी स्वतंत्र निवासी वसाहतींची कल्पना या वास्तवातून जन्मली. पुण्यात परांजपे स्कीम्सने 'अथश्री' या नावाने ज्येष्ठांसाठी संकुले उभारली, तेव्हा मराठी मध्यमवर्गाला ही कल्पना प्रथम जवळून पाहता आली. वृद्धाश्रम वेगळा आणि ही वसाहत वेगळी. येथे घर स्वतःच्या मालकीचे, स्वयंपाकघर स्वतःचे, दार बंद करण्याचा अधिकारही स्वतःचा. जोडीला मात्र वैद्यकीय मदत, सोबत आणि सुरक्षितता.

गरज खरी आहे, मागणीही खरी आहे. प्रश्न जमिनीचा आहे. शहराच्या मध्यभागी अशा वसाहतीला पुरेल एवढी मोकळी जागा सहसा मिळत नाही. मिळाली तर परवडत नाही. मग दृष्टी वळते ती शहराच्या कडेची शेती, हिरवा पट्टा, एखादी जुनी बाग किंवा आटलेला तलाव यांच्याकडे. या जमिनी निवासी नसतात. त्या निवासी कराव्या लागतात.

रंग बदलण्याची रीत

विकास योजनेच्या नकाशावर प्रत्येक जमिनीला रंग असतो. निवासी विभाग पिवळा, मनोरंजनाच्या व मोकळ्या जागा हिरव्या, जलाशय निळसर. हा रंग बदलणे म्हणजे शहराने सर्व नागरिकांसमक्ष केलेला एक करार बदलणे होय. त्यामुळे कायद्याने त्याची रीत ठरवून दिली आहे.

मध्यप्रदेशात हा विषय नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ खाली येतो. त्यातील कलम २३-अ नुसार राज्य शासन विकास योजनेत फेरबदल करू शकते. खासगी व्यक्ती किंवा संस्थेच्या अर्जावरूनही असा फेरबदल होऊ शकतो. मात्र प्रस्तावित उपक्रम समाजाला हितकारक असला पाहिजे. फेरबदलाचा मसुदा दोन दैनिकांत लागोपाठ दोन दिवस प्रसिद्ध करावा लागतो, जिल्हाधिकारी कार्यालयात लावावा लागतो आणि पंधरा दिवसांत कोणाही व्यक्तीला त्यावर हरकत किंवा सूचना नोंदविता येते. महाराष्ट्रात याच कामासाठी प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ३७ आहे. तेथे हरकतींसाठी एक महिन्याची मुदत असून, फेरबदलामुळे विकास योजनेचे मूळ स्वरूप बदलता कामा नये अशी स्पष्ट अट आहे.

येथे एक गफलत नेहमी होते. विकास योजनेतील भूमी-उपयोग बदल आणि महसुली नोंदीतील बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात ज्याला 'बिगरशेती करणे' म्हणतात, त्याला मध्यप्रदेशात 'डायव्हर्शन' म्हणतात. पूर्वी त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागे. मध्यप्रदेशच्या भू-राजस्व संहितेत २०१८ साली झालेल्या सुधारणेनंतर, योजनेशी सुसंगत उपयोग असेल तर भूमिस्वामीने स्वतः आकारणी करून रक्कम भरावी व तशी सूचना द्यावी, अशी सोय झाली. सोय चांगली आहे. पण 'योजनेशी सुसंगत' हे दोन शब्द विसरता येत नाहीत. डायव्हर्शनची पावती हाती आहे म्हणून जमीन विकास योजनेत निवासी झाली, असे मुळीच नाही. विक्रेता जेव्हा 'सर्व परवानग्या झाल्या आहेत' असे सांगतो, तेव्हा कोणत्या परवानग्या, हा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे, तो व्यवहार आहे.

वाळवंटातील वसाहत आणि गुरांचा गोठा

उतारवयातील लोकांसाठीच्या वसाहतींचा जगातील सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेत ॲरिझोना राज्यात झाला. डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाच्या कंपनीने १९५९ मध्ये फिनिक्स शहराच्या पश्चिमेस सुमारे २० हजार एकर शेतजमीन घेतली आणि १ जानेवारी १९६० रोजी 'सन सिटी' खुली झाली. निवृत्तांसाठी घरे, उद्याने, गोल्फची मैदाने अशी ती योजना होती. घरे भराभर विकली गेली आणि वसाहत दक्षिणेकडे पसरत गेली.

त्या दिशेला आधीपासून हजारो गुरे पोसणारा एक प्रचंड गोठा होता. घरे आणि गोठा यांतील अंतर कमी होत गेले, तसा दुर्गंधी व माशांचा उपद्रव वाढला आणि वसाहतीच्या त्या बाजूची घरे राहण्याजोगी राहिली नाहीत. प्रकरण ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७२ मध्ये न्यायालयाने दिलेला निर्णय आजही विधी महाविद्यालयांत शिकविला जातो. रहिवाशांच्या आरोग्यासाठी गोठ्याने जागा सोडावी, पण तो हलविण्याचा वाजवी खर्च बांधकाम कंपनीने द्यावा, असे न्यायालयाने ठरविले. कारण गोठा आधी होता, वसाहत त्याच्याकडे चालत गेली होती. स्वस्त शेतजमिनीचा लाभ ज्याने घेतला, त्याने तिच्या शेजाराची किंमतही मोजावी, हे त्यामागील न्यायतत्त्व.

या निकालात आपल्यासाठी मोठा धडा आहे. नकाशावर रंग बदलला तरी जमिनीचा पूर्वेतिहास आणि तिचा शेजार बदलत नाही. कोणीतरी त्याची किंमत मोजतोच. ती किंमत वेळीच आणि योग्य माणसाने मोजली नाही, तर ती अखेरीस घर घेणाऱ्याच्या माथी येते.

पाणी आपली वाट विसरत नाही

चेरीतालच्या नावाकडे परत यावे ते या ठिकाणी. तलाव कोठेही बांधला जात नाही. आजूबाजूच्या उतारांचे पाणी जेथे आपणहून एकत्र येते, तेथेच जुन्या लोकांनी बांध घातले. तलाव बुजविला तरी उतार तेच राहतात. काळ्या कापसाळ मातीचा प्रदेश, त्यावर भरावाची जमीन आणि वरून जोरदार पावसाळा असा योग जुळला की भिंतींना तडे, ओल आणि अंगणात साचणारे पाणी हे दुखणे पाठीशी लागते. जबलपूरला आणखी एक स्मरण आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे ५.८ तीव्रतेच्या भूकंपाने हे शहर हादरले होते. भरावाच्या व भुसभुशीत जमिनीवर भूकंपाचे हादरे अधिक जाणवतात, हे भूशास्त्राचे साधे तत्त्व आहे. तरुण माणूस घराबाहेर धावू शकतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजीने काय करावे, याचा विचार पाया घालण्यापूर्वीच व्हायला हवा.

कायद्याची भूमिकाही हळूहळू कठोर होत गेली आहे. हिंचलाल तिवारी विरुद्ध कमलादेवी या २००१ सालच्या प्रकरणात, कागदोपत्री 'तलाव' असलेल्या जागेचे घरासाठी केलेले वाटप सर्वोच्च न्यायालयाने टिकू दिले नाही. जागा सपाट झाली म्हणून तिचे सार्वजनिक स्वरूप संपत नाही, हा त्या निर्णयाचा आशय. जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी न्यायालय याच्याही पुढे गेले. पतियाळा जिल्ह्यातील एका गावच्या तलावावर भराव घालून बांधलेली घरे पैसे भरून नियमित करून घेण्याची मागणी फेटाळण्यात आली आणि अशा सामायिक जमिनी मोकळ्या करून ग्रामस्थांना परत देण्याची योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना देण्यात आले.

चेरीतालात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या हक्कांबद्दल यातून शंका घेण्याचे कारण नाही. प्रत्येक जागेचा इतिहास व कागद वेगळे असतात. प्रश्न उद्याच्या वसाहतींचा आहे. आज एखाद्या आटलेल्या तलावाच्या काठी 'निसर्गरम्य ज्येष्ठ निवासा'ची जाहिरात दिसली, तर खसरा क्रमांक घेऊन जुनी बंदोबस्ताची नोंद, निस्तार पत्रक आणि नझूलचे दप्तर पाहणे हे पहिले काम. निस्ताराची नोंद म्हणजे गावाच्या सामायिक वापराची नोंद. विदर्भातील वाचकांना हा शब्द नवा नाही. त्या एका ओळीवर संपूर्ण व्यवहाराचे भवितव्य अवलंबून असू शकते.

'ज्येष्ठांसाठी' हा शब्द कोठे लिहिला आहे?

जमीन निर्वेध असली तरी दुसरा प्रश्न उरतोच. ज्येष्ठांच्या नावाने भूमी-उपयोग बदलला, कदाचित बांधकामाची सवलतही मिळाली, तर ती वसाहत पुढेही ज्येष्ठांचीच राहील याची हमी कशात आहे?

अमेरिकेत यासाठी कायदा आहे. पंचावन्न वर्षांवरील लोकांची वसाहत म्हणवून घ्यायचे असेल, तर व्याप्त घरांपैकी किमान ८० टक्के घरांत त्या वयाची निदान एक व्यक्ती राहत असली पाहिजे. आपल्याकडील विकास योजनांत मात्र 'ज्येष्ठ निवासी' असा निराळा रंग सहसा नसतो. जमीन एकदा 'निवासी' झाली की ती सर्वांसाठी निवासी. त्यामुळे ज्येष्ठांसाठीची अट परवानगीच्या आदेशात, विक्री कराराच्या मसुद्यात आणि संस्थेच्या उपविधींत लिहिलेली नसेल, तर ती केवळ माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरच राहते. पहिली फेरविक्री झाली की वैद्यकीय कक्षाच्या जागी दुकान येण्यास वेळ लागत नाही. 'समाजाला हितकारक' म्हणून झालेला बदल मग कोणाच्या हिताचा ठरला?

या दिशेने काही पावले पडली आहेत. केंद्रीय गृहनिर्माण व शहरी कामकाज मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तिगृहांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत विकासक, सेवा पुरविणारी संस्था आणि घर घेणारा यांच्यात त्रिपक्षीय कराराची शिफारस आहे. महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी किमान मानके लागू केली. चाकाची खुर्ची जाईल अशी लिफ्ट, किमान ९०० मिलिमीटर रुंदीची दारे, उतरते मार्ग, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा या गोष्टी आता तेथे विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून नाहीत. अन्य राज्यांतील ग्राहकांनीही हीच यादी हाती घेऊन प्रकल्प पाहण्यास हरकत नाही.

रेरा कायद्यातील आणखी एक तरतूद प्रत्येक ज्येष्ठ ग्राहकाने लक्षात ठेवावी अशी आहे. जमिनीच्या सदोष मालकी हक्कामुळे घर घेणाऱ्याचे नुकसान झाले, तर विकासकाने भरपाई द्यावी आणि या दाव्यास मुदतीचा अडसर नसावा, असे या २०१६ च्या कायद्याचे कलम १८ सांगते. तरतूद निश्चितच दिलासादायक आहे. तथापि, पंच्याहत्तराव्या वर्षी दावा लढविण्यापेक्षा पासष्टाव्या वर्षी कागद तपासणे केव्हाही श्रेयस्कर.

बँकेच्या टेबलावरून

गृहकर्ज देताना बँक मालकी हक्काचा शोध अहवाल मागते, मूल्यनिर्धारकाचा अहवाल घेते, मंजूर नकाशा पाहते. पुष्कळांना हा कालापव्यय वाटतो. निवृत्तीनंतर घर घेणारे अनेकजण तर कर्ज घेतच नाहीत. भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि जुने घर विकून आलेली रक्कम एकत्र करून संपूर्ण किंमत रोखीने चुकती करतात. परिणामी जी चौकशी बँक तीस वर्षांच्या तरुणासाठी आपणहून करविते, ती ज्याला सर्वाधिक आवश्यक आहे त्या ज्येष्ठाच्या बाबतीत होतच नाही. कर्ज नको असले तरी स्वतंत्र वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल करून घ्यावा. त्यासाठी होणारा खर्च घराच्या किमतीपुढे नगण्य असतो.

याचा संबंध पुढील उत्पन्नाशीही आहे. २००७ च्या अर्थसंकल्पात घोषित होऊन त्यानंतर अमलात आलेल्या 'रिव्हर्स मॉर्गेज' योजनेत साठ वर्षांवरील व्यक्ती स्वतःचे राहते घर तारण ठेवून बँकेकडून नियमित रक्कम मिळवू शकते. हयातीत परतफेडीचा तगादा नाही, घरात राहण्याचा हक्क अबाधित आणि पश्चात वारसांना कर्ज फेडून घर सोडवून घेण्याची मुभा. परंतु यासाठी घर निर्वेध मालकीचे व बोजारहित असावे लागते. ज्या जमिनीचा उपयोग विधिवत बदललेला नाही, तेथील घर संकटकाळी तारण म्हणून उपयोगी पडत नाही. डोक्यावर छप्पर असते, पण ते छप्पर हात देत नाही.

म्हणून घर पाहावयास जाताना सोबत प्रश्न न्यावेत. विकास योजनेत या खसरा क्रमांकाचा उपयोग कोणता आहे? तो बदलला असेल तर बदलाची अधिसूचना व तिची तारीख कोणती? जुन्या नोंदीत ही जागा शेत होती, चराई होती की तलाव? रेरा नोंदणी क्रमांक कोणता? ज्येष्ठांसाठीची अट कोणत्या दस्तऐवजात आहे आणि सेवा पुरविणारी संस्था बंद पडल्यास जबाबदारी कोणाची? शेवटी, मे महिन्यात पाहिलेली जागा एकदा ऐन पावसाळ्यातही पाहून यावी. जी माहिती कागद देत नाहीत, ती पाणी देते.

आपल्या शेजारी असा बदल होऊ घातला असेल, तर वृत्तपत्रातील बारीक टंकातील सूचनाही वाचायला हवी. ते पंधरा दिवस किंवा तो एक महिना नागरिकांसाठीच राखून ठेवलेला असतो. हरकत म्हणजे विरोधच असे नाही. 'वसाहत व्हावी, पण तलावाची जागा वगळून व्हावी', ही सूचनासुद्धा हरकतच आहे. फावला वेळ, वाचनाची सवय आणि कार्यालयीन अनुभव ज्यांच्यापाशी आहे, त्या निवृत्त मंडळींइतके हे काम दुसरे कोण करणार?

चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी एका सेविकेच्या नावाने जलाशय ओळखला जावा, ही या शहराच्या मनाची श्रीमंती होती. ते पाणी सर्वांचे होते. आज त्या भूमीवर घरे आहेत आणि घरांत वृद्ध होत जाणारी माणसे आहेत. त्यांना सोबत, आधार आणि प्रतिष्ठेचे घर मिळणे, हेदेखील आजच्या काळाचे समाजहितच आहे. फक्त एका समाजहितासाठी दुसरे बुजविले जाऊ नये. नव्या वसाहतीची जागा निवडताना एवढे भान ठेवले, तर पुढची पिढी एखाद्या वस्तीच्या नावातील 'ताल' शब्दाचा अर्थ विचारील, तेव्हा तिला उत्तर देण्यासाठी शब्दकोश उघडावा लागणार नाही. हात धरून काठावर नेता येईल.